दोर अडकवायला बेचकं

शहराच्या कडेला, बेसा वस्तीतल्या त्या नव्या गल्लीत सावली म्हणावी अशी एकच होती, दामिनीच्या दारातल्या कडूनिंबाची. ले-आउट पडून प्लॉट विकले जायच्या आधीचं झाड. त्याच्या आडव्या फांदीला तीन वर्षांच्या खुशीचा झोका, आणि बुंध्याशी शेजारच्या अंजनाबाईंची खाट. म्हातारी भाजी तिथेच निवडायची आणि डुलकीही तिथेच काढायची.

दामिनीची नजर मात्र सावलीवर टिकत नसे, ती वर जायची. जरा वारा सुटला की ती खुशीला झोक्यावरून उचलून आत आणायची. आदल्या उन्हाळ्यात वावधान सुटलं, वादळच ते, आणि पलीकडच्या गल्लीत कुणाच्या उभ्या गाडीवर फांदी कोसळली. तेव्हापासून तर तिला झोपेतही कडकड ऐकू यायची.

“तुले झाड नाही दिसत वं,” अंजनाबाई म्हणायच्या, “तुले नुसत्या पडनाऱ्या फांद्या दिसतात.”

दामिनीचा नवरा पियूष झाडांच्याच कामात होता. कॉलेजात त्याला कडे चढायचा नाद होता. पुढे नोकरी गेली आणि तोच नाद पोटापाण्याला लागला. बंगल्यांवर झुकलेल्या फांद्या तो दोरावर लटकून कापून द्यायचा. पण कड्याचं सामान झाडावर जसंच्या तसं चालत नाही, हे त्याला पहिल्याच झाडाने शिकवलं. कड्यावरचा दोर ताणतो, पडणाऱ्याला अलगद झेलतो. झाडावर त्याच ताणाने माणूस चेंडूसारखा वरखाली उसळतो. म्हणून त्याने न ताणणारा दोर आणला. आरीला फांदी काय नि दोर काय, सारखंच. म्हणून कमरेपासून फांदीभोवती घ्यायच्या दोराऐवजी त्याने ट्रकचं सामान विकणाऱ्याकडून पोलादी तार आणून रबरी नळीत ओवली. कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यात लटकून लटकून मांड्या बधिर व्हायच्या, तेव्हा दामिनीने गांधीबागेच्या कापडबाजारातून जाड कापड आणलं आणि गादी शिवायला घेतली.

“पट्ट्याले सुई लावू नको हां,” त्याने बजावलं. “भोक पडलं का पट्टा कामातून गेला.”

तिने गादीला बंद लावले. रोज सकाळी तो निघण्याआधी ती पट्ट्याची शिवण बोटांनी चाचपून बघायची.

“काहून वं, मी का मरून राहिलो?” तो हसायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिच्या हट्टापायी दारातल्या कडूनिंबावर चढायचं ठरलं. पियूषने खालून नीट पाहून घेतलं. “एक फांदी तडकली आहे. तेवढी काढतो. बाकी झाड ठणठणीत आहे.”

त्याने बारीक दोरीला रेतीची पुडी बांधली आणि शेंड्याजवळच्या दणकट बेचक्यातून पलीकडे फेकली. तिच्यामागून मोठा दोर ओढून घेतला. दोराने साल सोलू नये म्हणून बेचक्यात जुन्या पाइपाचा तुकडा बसवला. मग दोराला लोंबकळून सगळा भार टाकून पाहिला. हेल्मेट, पट्टा, गादी, तार.

“एवढा तर नवरदेवबी नटत नाही गा!” अंजनाबाई खाटेवरून ओरडल्या.

तडकलेली फांदी दोराने बांधून त्याने हळूच खाली सोडली. “झालं,” वरून आवाज आला.

दामिनी खुशीला कडेवर घेऊन उभी होती. खालून तिला प्रत्येक फांदी पोरीच्याच डोक्यावर रोखलेली दिसत होती. तिने बोट दाखवलं. “ती पण काढ ना.”

“ती चांगली आहे.”

“आता चढलाच आहेस तर.”

तीही फांदी गेली. मग तिच्या बाजूची. मग तो थांबला. “दामिनी, शेंडे उडवले तर तिथून धुमारे फुटतात. ते वरून चिकटवल्यासारखे असतात. आज न पडणारं झाड उद्या पडेल.”

“उद्याचं उद्या बघू. तू आहेस ना? पुन्हा चढशील. आणि आज हिच्यावर पडली म्हणजे?”

पियूष दोर खालच्या फांदीवर घेत गेला आणि वरचं कापत आला. शेवटी ते बेचकंही गेलं.

“बस कर वं बाई, त्याले केस तरी ठेव,” म्हणत अंजनाबाईंनी खाट उचलली.

त्या उन्हाळ्यातल्या वावधानात दारात एक काडी पडली नाही. दामिनी शांत झोपली. पण घर भट्टीसारखं तापलं, झोक्याची फळी हाताला चटका देऊ लागली आणि अंजनाबाईंची खाट जी घरात गेली ती परत आली नाही. पावसाळ्यात कापलेल्या फांद्यांच्या ठुंठांवर हिरवे झुपके फुटले, तेव्हा दामिनी हरखून म्हणाली होती, “बघ, आलं की नाही?”

यंदाच्या एप्रिलात धुमारे बांबूसारखे लांब झाले होते. एका दुपारी, वारा म्हणावा असा नसताना, त्यातला एक सालीसकट सुटला आणि रिकाम्या झोक्यावर आडवा पडला. दामिनीने स्वतः सामानाची पिशवी बाहेर आणून ठेवली.

पियूषने पुडी फेकली. धुमाऱ्यांत दोर अडकला. त्याने भार टाकून पाहिला, तर धुमारा उपटून खाली आला. दुसरीकडे फेकली, तेच. मग त्याने बुंध्याला शिडी लावली, कापलेल्या टोकात बोट घातलं आणि काळा भुसा घेऊन उतरला.

“पाणी मुरलं. गाभा सडून राहिला. याच्यावर तार टाकून मी नाही लटकणार.”

“मग?”

“मग खालूनच कापावं लागेल. पुरतं.” तो दोर गुंडाळू लागला. “वर दोर अडकवायला काही ठेवलंच नाही आपण.”

तो ‘तू’ म्हणाला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. ती झोक्याजवळ गेली आणि गाठ सोडू लागली. वर्षभराच्या उन्हाने ती आवळून बसली होती.

पायरीवर खुशी कडेवर बाहुली घेऊन उभी होती. मान वर करून, बोट रोखून, अगदी आईच्या आवाजात ती म्हणाली,

“बाबा, ती पण काढ ना.”