छिलका दाखवा

"वकीलसाहेब, तो रंधा खाली काढा," कुर्बान मिस्त्री म्हणाला.

रंधा भिंतीवर होता. काचेच्या पेटीत, मागे लाल मखमल आणि वर छोटासा दिवा. गोपाळकृष्ण वकिलांच्या अमरावतीच्या दिवाणखान्यात त्याला गणपतीच्या खालोखाल मानाची जागा मिळाली होती. वकिलांनी बटण दाबून दिवा लावून दाखवला. कुर्बाननं दिवा पाहिला आणि विचारलं, छिलका कुठं आहे?

रंधा लाकडावरून फिरला की पातळ, गुंडाळलेली साल निघते, तो छिलका. वकिलांकडे तो नव्हता. इतकी जुनी वस्तू वापरून खराब करायला मन होईना, असं ते म्हणाले. उलट त्यांनी तिला व्हार्निशचे तीन हात दिले होते. सगळीकडून. तळालासुद्धा.

"तळाले?" घरात कोण गेलं असं विचारावं, तशा आवाजात कुर्बाननं विचारलं. "तळाले व्हार्निश लावलं तर तो लाकडाले चिपकते, साहेब. बुटाच्या तळाले डिंक लावून कोर्टात जाता काय तुमी?"

"अरे पण मिस्त्री, दिलेली वस्तू कोणी परत मागते काय?"

"म्या दिली नोती. नांदाले पाठवली होती."

हा मुद्दा वकील हरले. त्यांच्या कारकिर्दीत असं दुसऱ्यांदाच घडत होतं. पहिल्यांदा लग्नात घडलं होतं. त्यांनी गुपचूप पेटी उघडली. कुर्बाननं रंधा पिशवीत घातला आणि जाताना दिवा बंद केला.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. कुर्बाननं अकोटात पंचेचाळीस वर्षं दारं केली. दारं, कपाटं, पाळणे. पण मुख्य दारंच. आसपासच्या खेड्यांत तो माणसांना नावानं कमी आणि दारानं जास्त ओळखत असे. पुढं कापसाचं बिघडलं. ज्याचं पीक गेलं तो काहीही करून बियाणं आणतो, पण दार करत नाही; जुन्याच दाराला पत्रा ठोकतो. त्या वर्षांत शेतीच्या संकटाचा अभ्यास करायला समित्या येत आणि त्यांच्यासाठी मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या जात. एका समितीनं विचारलं, गावातल्या सुतारांवर काय परिणाम झाला? सुतार शोधायला दोघं धावले. सुतार, म्हणजे कुर्बान, मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खुर्ची बरी आहे, एवढंच त्यानं समितीला सांगितलं.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. मुलगा परवेज अॅल्युमिनियमच्या खिडक्या करत होता. पोरगा गुणी, फक्त त्याला मशिन ठेवायला दुकानातल्या हत्यारांच्या फळीची जागा हवी होती. भंगारवाला दारावरून जातच असे. हत्यारं त्याला देऊन टाकू, असं परवेजनं बोलून दाखवलं, तर रईसानं, म्हणजे त्याच्या आईनं, दोन दिवस त्याच्या ताटात नुसती डाळ वाढली.

तेवढ्यात गोपाळकृष्ण वकील आले. त्यांच्या घराचं दार कुर्बानच्याच हातचं. डॉक्टरांनी त्यांना हातांना काही काम द्या असं सांगितलं होतं. तोंडाचं काम त्यांनी आधीच कमी करायला सांगितलं होतं. वकिलांनी अमरावतीतले आणखी दोन निवृत्त लोक गोळा करून रविवारची लाकूडकामाची मंडळी काढली होती. कुर्बाननं हत्यारं तिघांत वाटली, कुणाकडून काही घेतलं नाही. एकच अट घातली: वर्षानं येईन, छिलका दाखवा. मंडळींना ती गंमत वाटली. मिस्त्रीनं आयुष्यात फारशा गमती केल्या नव्हत्या, त्यामुळे ओळखायला अवघडच.

आज वर्ष झालं होतं. सकाळी निघताना परवेजनं नीट बजावलं होतं की अब्बा, फळी आता नाही. जे परत येईल ते सरळ भंगारात जाईल. कुर्बाननं ऐकलं होतं. तरी त्यानं रंधा भिंतीवरून काढला.

दुसरं घर महादेवरावांचं. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, टापटिपीचा माणूस. त्यांनी लाकूड कोरायच्या अकराही पटाश्यांना नंबर टाकून, तेल चोपडून, फडक्यांत गुंडाळून ठेवलं होतं आणि एक रजिस्टर घातलं होतं. तारीख, तपासणी, तेल. 'वापर' हा रकाना कोरा होता. कुर्बाननं पटाश्या पिशवीत घातल्या. महादेवरावांनी पोच म्हणून त्याच्या तीन ठिकाणी सह्या घेतल्या.

पण ही दोन घरं म्हणजे वाटेतले थांबे होते. कुर्बान खरा आला होता तो तिसऱ्या घरासाठी. चारुशीलाबाईंकडे लांब रंधा होता. दोन हात लांबीचा, शिसवाच्या लाकडाचा, त्याच्या अब्बांचा. तो जर आज पिशवीत आला, तर उद्या भंगारवाल्याच्या काट्यावर जाणार होता, आणि तो उचलून न्यायला कुर्बानला त्याच थरथरत्या हाताचा उपयोग करावा लागणार होता.

चारुशीलाबाईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. काटकोन मुलींनी ऐकला, पण लाकूड ऐकत नाही, हे त्यांना साठीत कळलं होतं. वकिलांचा फोन आधीच येऊन गेला होता की मिस्त्री जप्ती करत फिरतो आहे. त्यामुळे बाईंनी दार उघडलं तेच सांगत, की रंधा घरी नाही. कुणीतरी नेलाय. कोणी ते आठवत नाही.

कुर्बान उंबऱ्यातच उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या अंबाड्यात छिलका हाय."

बाईंचा हात डोक्याकडे गेला. एकतीस वर्षांत त्यांनी कॉपी करणाऱ्या कितीतरी मुली पकडल्या होत्या. पकडलं गेल्यावर चेहऱ्याचं काय करायचं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्या आत गेल्या, पलंगाखालून जुन्या साडीत गुंडाळलेला रंधा आणला आणि समोर ठेवला.

पात्याच्या धारेत मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली होती. पातं धरून ठेवणारी पाचर नवी होती आणि वाकडी होती.

"शाळेच्या जुन्या बाकाची फळी होती," बाई म्हणाल्या. "खिळा दिसलाच नाही मला. पाचर मीच ठोकून फोडली. ही नवीनही मीच केली. घेऊन जा तुम्ही. माझ्याच्यानं वस्तू नीट राहिली नाही."

कुर्बान खाली बसला. त्यानं पाचर सैल करून पातं काढलं आणि अंगठा खाचेवरून आडवा फिरवला.

"मॅडम, म्या चौदा वर्षांचा होतो तवा याच पात्याले खिळा लावला. अब्बानं थापड मारली होती. तुमाले कोणी मारलं काय?"

"नाही."

"हं. मंग हळूहळू शिकसान." त्यानं पातं उजेडात धरलं. ते तीन बोटं उरलं होतं. "हे नवं होतं तवा वीतभर होतं. अर्धं अब्बानं घासून संपवलं, पाव म्या. उरलं ते तुमचं. ते वकीलसाहेबाचं पाहा, वर्षभर दिव्याखाली बसलं, केसभर कमी नाई झालं."

बाईंनी विचारलं, मग हा नेणार नाही?

त्यानं पिशवी त्यांच्यापुढं पालथी केली. वकिलांचा रंधा निघाला, मागोमाग अकरा पटाश्या, एक ते अकरा. बाई त्यांच्याकडं पाहत राहिल्या. वर्गात अचानक बारा नव्या मुली आल्या की त्या पाहत, तशा. कुर्बाननं रंध्यावरचं व्हार्निश खरडायला सांगितलं. मग नंबर. पण ते नंतर, आधी ही खाच घासून घालवा म्हणाला, म्या हाय तवर.

बाईंनी धारेचा दगड पाण्यात भिजवून आणला. पातं घासायला घेतलं. पहिल्यांदा चुकीचं धरलं.

"थोडं उभं," कुर्बान म्हणाला. "आनखी. हां."

बसायला बाईंनी त्याला एक स्टूल पुढं केलं होतं. त्यांनीच केलेलं, पहिलंच. एक पाय बोटभर आखूड. त्यांनी ओशाळून विचारलं, खाली पुठ्ठ्याची घडी घालू का?

"नोको," तो म्हणाला. "घडी घातली का हे पुरं होते. मंग दुसरं कराले बसत नाई मानूस."

अकोटला परतायची त्याची गाडी सहाची होती. साडेपाच वाजून गेले तरी दगडावर पातं घासल्याचा आवाज चालूच होता, एका लयीत नव्हे, पण न थांबता. अकोटाचा सर्वांत जुना मिस्त्री त्या स्टुलावर बसून होता. स्टूल डावीकडं कललं की तोही कलायचा, उजवीकडं आलं की उजवीकडं, आणि पात्यावरची नजर काढत नव्हता.