ऑर्फाची लाल पट्टी

ऑर्फा ब्रुबाकरने निवडलेल्या रंगांना नाव ठेवायची छाती त्या भागातल्या एकाही बाईची नव्हती. चर्चच्या मंडळीतल्या बाया मदतनिधीच्या लिलावासाठी दर हिवाळ्यात गोधडी करायच्या. चौकटीभोवती बसून धावदोरा घालायचा आणि साऱ्या गावाच्या चौकशा करायच्या, हे काम सगळ्यांचं. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला तुकडा बसायचा, हे मात्र ऑर्फाने ठरवायचं. तिथे पाद्रीबाबाच्या बायकोचंही काही चालत नसे.

तिची रीत साधी होती. जोडलेला पट भिंतीवर टांगायचा, पार दारापर्यंत मागे जायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि बघायचं. जो तुकडा बाकीच्यांच्या आधी उडी मारून डोळ्यांत येईल तो काढायचा. "देवळात सगळे एका सुरात गातात ना?" ती म्हणायची. "एकजण बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, की बाकीच्यांचं गाणं संपलं. तुकड्यांचंही तसंच."

हे सगळं तिने सेलिंडाला शिकवलं. सेलिंडा ही तिच्या मुलाची, अमोसची बायको. लग्न होऊन आली तेव्हा हाती लागेल तो तुकडा हाती लागेल त्याला जोडणारी. ऑर्फाने तिच्या पहिल्या पटाकडे बघून विचारलं होतं, "हे काय, जत्रा भरवलीस?" टोमणे खाऊन खाऊन सेलिंडा शिकली, आणि इतकी शिकली की पुढे जेवणाच्या टेबलावर एक विजोड बशी आली तरी तिला घास जाईना. अमोस हसायचा. म्हणायचा, आईने हिला डोळे दिले आणि झोप नेली.

गेल्या हिवाळ्यात ऑर्फाने लॉग कॅबिनची, म्हणजे ओंडक्यांच्या घराची नक्षी काढली. प्रत्येक चौकोनाच्या मध्ये चुलीचा छोटा लाल ठिपका, त्याच्या एका अंगाला उजळ पट्ट्या, दुसऱ्या अंगाला गडद. सगळा खेळ उजळ-गडदाचा. एका दुपारी सेलिंडा पट भिंतीवर टांगायला गेली आणि तिथेच थबकली. गडद अंगाला, तपकिरी आणि मरून पट्ट्यांच्या मधोमध, एक भडक लाल पट्टी होती. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी.

"आई, हा तपकिरीच लावायचा होता ना इथे?"

"मग काय लावलाय?" ऑर्फा चष्मा सारखा करत म्हणाली. "तपकिरीच आहे. तू डोळे तपासून घे." मग मांडीवरचं कापड उजेडाकडे धरून ती पुटपुटली, "हल्ली दुकानदार लाल कापड तरी कसलं देतात. धुवायच्या आधीच विटलेलं."

 जेवणानंतर ऑर्फा पडली, तशी सेलिंडाने बारीक कात्री घेतली, ती पट्टी उसवली आणि त्याच मापाची तपकिरी पट्टी बसवली. संध्याकाळी ऑर्फा दाराशी उभी राहिली, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाली, "जमलं." सेलिंडाला एवढं बरं वाटलं की तिने त्यावर पुढचा विचारच केला नाही.

पुढच्या आठवड्यात दोन पट्ट्या निघाल्या, मग चार. शेजारची अल्मेडा एकदा अवचित आत आली आणि सेलिंडा उसवताना सापडली. अल्मेडाने लाल पट्टी उचलून बघितली.

"बैलाला दाखवायला काढलीस की काय गं?"

"हळू बोल. आईंनी लावली होती."

"ठाऊक आहे मला. गेल्या वेळी धाग्याचं रीळ मागितलं तर तपकिरी म्हणून लालच हातात ठेवलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?" अल्मेडाने खुर्ची ओढली. "सांगून काय पदरात पडणार? वय झालं, नजर गेली, एवढंच ना? त्यासाठी म्हातारीचं मन कशाला मोडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आण, अर्ध्या मी उसवते."

या मंडळीतल्या लोकांची ही एक खोड. अंगणात साप निघाला तरी आधी विचार करतील की ओरडलो तर कुणाची झोप मोडेल का. कुणाला दुखवायचं नाही, चारचौघांत कुणाला उघडं पाडायचं नाही, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं. एरवी ते फार गोड वाटतं. बाहेरून बघणाऱ्या मलाही वाटायचं.

मे महिन्यात लिलाव झाला. गोधडी वर चढवली तेव्हा अख्खा मंडप गप्प झाला. लांबून आलेली माणसं जवळ जाऊन बोट लावून बघत होती. ऑर्फाने मान खाली घातली, कारण गर्व करणं पाप. पण घरी येताना बग्गीत ती सारखी बोलत होती, आणि ऑर्फा बोलते तेव्हा ती खुशीत असते हे घोड्यालाही कळत होतं. "अजून दिसतं गं मला," ती म्हणाली. सेलिंडाने तिच्या गुडघ्यांवरची चादर नीट केली.

पुढे उन्हाळा लागला तसं तिचं डोकं दुखायला लागलं. ऑर्फा म्हणाली, ऊन. सुगीच्या दिवसांत तिने कॉफी कपाच्या शेजारी ओतली, आणि दोनदा दाराची कड कपाळाला लागली. तेव्हा अमोसने भाड्याची गाडी बोलावली आणि तिघं शहरातल्या इस्पितळात गेले. तपासण्या झाल्या. अमोस खाली पैशांचं बघायला गेला आणि डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बसवलं.

डोळ्यांच्या मागे एक गाठ होती. जिवावरची नाही, पण हळूहळू वाढत नजरेच्या नसेवर बसलेली. डाव्या डोळ्याची नजर जवळपास गेली होती, उजव्याची अर्धी. शस्त्रक्रिया लगेच करायला हवी, म्हणजे उरलंय ते बहुतेक राहील. गेलंय ते परत येणार नाही.

"आजी, रंगांचं काही जाणवलं होतं का? अशा दुखण्यात लाल आधी जातो. विटका दिसतो, तपकिरी दिसतो. पुष्कळदा नजर कमी व्हायच्या कितीतरी आधी."

"रंगांचं मला विचारू नका," ऑर्फा ताठ बसली. "माझी मे महिन्यातली गोधडी बघायला हवी होती तुम्ही. एक पट्टी इकडची तिकडे नाही. हिला विचारा. काय गं?"

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.  आता गप्प राहिलं तर कायमचं गप्प राहता येईल, हे सेलिंडाला स्वच्छ दिसलं, आणि आपल्याला तसं राहायचंय हेही दिसलं.

"गेल्या हिवाळ्यापासून," ती म्हणाली. "लाल त्यांना कळत नव्हता. मी बदलत होते."

"काय बदलत होता?"

"पट्ट्या. त्या झोपल्या की उसवून दुसऱ्या लावत होते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तेव्हा आणलं असतंत," त्या हळू म्हणाल्या, "तर दोन्ही डोळे बहुतेक वाचले असते."

ऑर्फाने आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं, आधी डॉक्टरीणबाईंकडे, मग सुनेकडे. 

परतीच्या वाटेवर अमोस पुढे बसला होता. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, वर शिळ्या भातासारखं आभाळ. अर्धा रस्ता सरल्यावर ऑर्फाने विचारलं, "मे महिन्यातल्या गोधडीत किती?"

"मोजल्या नाहीत, आई."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"म्हणजे लोकांनी वाखाणली ती तुझी."

"नाही हो, आई. नक्षी तुमची, मांडणी तुमची, मी नुसतं..."

"आणि अल्मेडाला माहीत होतं?"

सेलिंडा गप्प बसली. ऑर्फाला तेवढं पुरलं.

"सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मी दारात उभी राहून जमलं म्हणायची, आणि तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघायचात."

"तुमचं मन मोडू नये म्हणून, आई. देवाशपथ."

"शपथ घेऊ नकोस, आपल्यात शपथ घेत नाहीत." ऑर्फाचा आवाज चढला नव्हता. "माझं मन जपायचं असतं तर लाल पट्टी तशीच ठेवली असतीस. तुला ती बघवत नव्हती. मीच शिकवलं तुला, बघवू नये म्हणून."

अमोसने मागे वळून पाहिलं आणि परत पुढे बघितलं. सेलिंडाला रडू आलं नाही. सासू म्हणाली ते सगळं खरं नव्हतं, पण निम्मं होतं. लाल पट्टी दिसली तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं होतं ते 'आईंना काय झालंय' हे नव्हतंच. गोधडी बिघडली, हे आलं होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ऑर्फाने कापडाच्या पट्ट्यांची पेटी मागितली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तिने टेबलावर पट्ट्या मांडायला घेतल्या. एकेक पट्टी उजव्या डोळ्याजवळ न्यायची, मान तिरकी करून बघायची, खाली ठेवायची. तिचं तोंड गेल्या काही दिवसांत एवढंसं झालं होतं. पाच-सहा पट्ट्या ओळीने लागल्या: निळी, करडी, तपकिरी, मरून, आणि त्यांच्या मध्ये भडक लाल.

"ये इकडे," ती म्हणाली. "बघ आणि सांग. उद्या आत जायच्या आधी मला कळू दे, मी कुठवर आलेय."

सेलिंडा हात पुसत आली. तिने टेबलाकडे बघितलं, मग त्या तिरक्या मानेकडे. म्हातारी श्वास धरून बसली होती. उद्या हिच्या डोक्याला कात्री लागणार. आज एक दिवस, सेलिंडाच्या मनात आलं, फक्त आजचा एक दिवस.

"छान जमलंय, आई," ती म्हणाली.

"मे महिन्यातही छानच जमलं होतं," ऑर्फा म्हणाली आणि तिने मान सरळ केली. बोटांनी पट्ट्या एकत्र गोळा केल्या, पेटीत टाकल्या आणि झाकण लावलं. मग टेबलाची कड धरून ती उठली. सेलिंडा हात द्यायला पुढे झाली, तशी तिने आपला हात मागे घेतला.

"मला वर जायचंय," ती म्हणाली. "तू नको. अमोसला बोलाव."

सेलिंडाने शाल खांद्यावर घेतली आणि नवऱ्याला बोलवायला ती गोठ्याकडे गेली.