बुजवलेली तीट

पितांबर पेंटर जळगावात दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा आणि पोट भरलं की चित्रकथा काढायचा. पाट्यांना लोक नावं ठेवायचे, म्हणजे निदान बघायचे तरी. चित्रकथांच्या वाट्याला तेवढंही येत नसे.

दोन लेकरं हातची गेल्यावर त्याला मुलगा झाला. बेबाबाईने, म्हणजे पितांबरच्या बायकोने, त्याचं नाव झिपरू ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे नजर लावायला कोण वळून बघणार, असा तिचा विचार. पितांबरने त्यालाच नायक करून नवी चित्रकथा काढली. रांगतं पोर उंबरा ओलांडतं, फैजपूरच्या केळीच्या ट्रकात चढतं आणि मुलुखभर हिंडून येतं.

बेबाबाईची अट एकच होती. "काढा तुम्ही, पण दर चित्रात गालावर तीट पाहिजे. हजार लोक बघतील माझ्या पोराकडे."

"हजार?" पितांबर म्हणाला. "तुझ्या तोंडात साखर पडो."

त्याने इमानाने प्रत्येक चित्रात काळी तीट काढली. छापखान्याचे रुपचंदशेठ छापलेल्या प्रतींचा गठ्ठा घेऊन थेट एस.टी. स्टँडवर आले, कारण पितांबरला धुळ्याची गाडी गाठायची होती. धुळ्यात चित्रकथाकारांचा मेळावा भरला होता.

"पितांबरभाऊ, काम एकदम साफ केलंय," शेठ खिडकीतून म्हणाले. "रात्रभर मी स्वतः बसलो. एक डाग दाखवा, पैसे परत."

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नातली थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं तशीच लटकत होती आणि प्रत्येक चित्रकाराला त्यांच्याखालून आत जावं लागत होतं. पितांबरने टेबल मांडलं, गठ्ठा सोडला आणि पहिलं पान उघडलं.

झिपरूच्या गालावर तीट नव्हती. एकाही पानावर नव्हती.

त्याला लगेच उलगडा झाला. निगेटिव्हवर धुळीने बारीक छिद्रं पडतात, ती लाल रंगाने बुजवायची ही छापखान्याची रीत. कागदावरची काळी तीट निगेटिव्हवर तशाच छिद्रासारखी दिसते. शेठनी एकेक वेचून बुजवली होती. तेही फुकट.

पितांबर स्वतःशीच हसला. तीट नाही म्हणून काय होतंय, असं म्हणावं इतका तो सुधारलेला होता. तेवढ्यात गुलाबी स्वेटरातल्या एक बाई थांबल्या. "अगबाई, किती गोड पोर! कसं बघतंय बघा!"

आयुष्यातलं पहिलं कौतुक. पितांबर लाजला आणि त्याने खाली पाहिलं. पानावरचा झिपरू फिकट झाला होता. ट्रक काळाभोर होता, केळी काळीभोर होती. पोर तेवढं धुक्यात उभं असल्यासारखं.

बाईंनी आपल्या मैत्रिणीला बोलावलं. तीही म्हणाली, "दृष्ट काढावी असं आहे हो!" आता झिपरूचे पायच दिसेनात. पितांबरने घाईने दुसरी प्रत उघडली. तिच्यातही पाय नव्हते.

तो समोरच्या फोनवाल्याकडे धावला आणि घराशेजारच्या नेमीचंद किराणावाल्याच्या दुकानात फोन लावला. नेमीचंदने बेबाबाईला हाक मारली.

"झिपरू कसा आहे?"

"गप्प आहे सकाळधरनं. ताप नाही, काही नाही." ती थांबली. "अहो, मांडीवर घेतला तर वजनच लागत नाही त्याचं. रिकामी झोळी घेतल्यासारखं वाटतंय. तीट आली ना नीट छापून?"

"आली," पितांबर म्हणाला आणि फोन ठेवला.

टेबलाशी येऊन त्याने पेन काढलं आणि पानावरच्या गालावर ठिपका दिला. अळवाच्या पानावरून पाणी ओघळावं तशी शाई घरंगळली. पुन्हा दिला. पुन्हा घरंगळली.

एवढ्यात शिंदखेड्याकडचे एक आबा टेबलावर वाकले, चष्मा पुसून त्यांनी चित्र निरखलं आणि विचारलं, "हाऊ पोऱ्या शे का माकड शे?"

पानावर एक पाऊल उमटलं.

पितांबरने आबांचे दोन्ही हात धरले. "आबा, अजून बोला!"

"काय बोलू? बठ्ठं भिकार शे."

सगळंच भिकार ठरल्यावर दुसरं पाऊल उमटलं. मग पितांबरने जे केलं ते त्या मेळाव्यात कोणत्याच चित्रकाराने केलं नव्हतं. येईल त्याला तो सांगू लागला, "घेऊ नका, टाकाऊ आहे. पोराचं डोकं बघा, मडकं नुसतं! नावं ठेवा हो, लाजू नका." पण आबांसारखा एखादा सोडला, तर खानदेशातला माणूस पाहुण्याच्या तोंडावर वाईट बोलत नाही. लोक म्हणायचे, "छे छे, भाऊ, फार सुंदर आहे." आणि प्रत्येक 'सुंदर'सरशी झिपरू थोडा पुसला जायचा.

दुपारी बक्षीस जाहीर झालं. पहिलं बक्षीस पितांबरचंच होतं. प्रमुख पाहुणे सहकारी बँकेचे संचालक होते. त्यांनी पुस्तक उंच धरलं आणि माइकवर घसा खाकरला. "मित्रहो, काय हे गोजिरवाणं बाळ..."

भरल्या सभागृहाची नजर पानाकडे वळली. पितांबर खुर्च्या ओलांडत मंचावर चढला आणि त्याने माइक हिसकावला. "हे पोर कुरूप आहे! मला चित्र काढता येत नाही! हे बक्षीस दुसऱ्या कुणालाही द्या, मला नको!"

मग संचालकांनी डोळे टिपले. "पोराचं सोडा," ते म्हणाले, "हा माणूस बघा! असा विनय, असा थोर कलावंत मी आजवर पाहिला नाही!"

सगळे उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पितांबरने संचालकांच्या हातातल्या पुस्तकात डोकावलं. झिपरू पायांसकट काळाकुळकुळीत उभा होता. पितांबरच्या जिवात जीव आला. ते पुस्तक त्याने हातात घेतलं, तेव्हा अंगठ्याखालचं अक्षर अंगठ्यातून वाचता येत होतं.

परतीच्या गाडीत कंडक्टरने त्याला तिकीट विचारलं नाही. पारोळ्याला एक बाई चढली. तिने मेथीची टोपली त्याच्या मांडीवर ठेवली आणि ती निर्धास्त झाली. त्याने हरकत घेतली, पण ती खिडकीबाहेर बघत राहिली. एरंडोल गेलं, दिवे लागले. काचेत टोपलीचं प्रतिबिंब होतं आणि ती कशावर ठेवली आहे ते दिसत नव्हतं.

घराचं दार उघडंच होतं. बेबाबाई झिपरूला भरवत होती. "दुपारी एकदम भोकाड पसरलंस," ती त्याला म्हणत होती. "आता कसा धोंड्यासारखा जड झालायस!"

"आलो मी," पितांबर उंबऱ्यातून म्हणाला.

तिने दाराकडे पाहिलं. त्याच्यातून आरपार, रस्त्यापर्यंत. झिपरू मात्र थेट त्याच्याकडे बघून खुदकन हसला.

"कुणाला हसतोस रे? तिथं कोण आहे?" बेबाबाई दचकली आणि तिने पोराला पदराखाली ओढलं. घास ताटातच राहिला. तिने पुन्हा दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि भीतीचा मग रागच झाला. "कुठं उलथला तुझा बाप? लेकरू आजारी, अन् हा फोन आदळून गेला. खोटारडा मेला! तीट आली म्हणे! आवाजावरून कळत नाही का मला?"

रस्त्यावरच्या खांबाचा दिवा पितांबरच्या पाठीशी होता. घरातल्या फरशीवर त्याच्या पावलांची फिकट सावली उमटली.

"रेघोट्या ओढायला पाहिजेत नुसत्या! घरात पीठ आहे की नाही, कधी बघितलंय?"

सावली गुडघ्यापर्यंत आली. पितांबर जागचा हलला नाही.

"बोल," तो हळूच म्हणाला. "बेबा, थांबू नकोस, बोल."