बाबांचा डावा कान

जलरंगात चित्रं काढणाऱ्या माणसाला पाण्याची धास्ती नसते, आणि तिथंच पाणक्याचा घात झाला. पाणक्या हे नाव त्याला मुंगीनं ठेवलेलं. ती शिल्पकार. अंगानं एवढीशी, पण मातीची पोती एकटी ओढायची, म्हणून पाणक्यानंही तिचं बारसं उरकून टाकलेलं. एका जुन्या गोदामात दोघं काम करत. खिडकीकडची बाजू त्याची, नळाजवळचा कोपरा तिचा, आणि नियम एकच: दुसऱ्याच्या कामाला बोट लावायचं नाही, मत विचारलं तरच द्यायचं. या नियमामुळेच त्यांची मैत्री टिकली होती. नाहीतर एका छपराखाली दोन कलावंत म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य.

मुंगी तेव्हा मातीत तिच्या बाबांचा अर्धपुतळा घडवत होती. बाबा दुपारी येऊन स्टुलावर बसत, पाणक्याला चहा करायला लावत आणि वर त्याच्याच चित्रांना नावं ठेवत. मग अचानक त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. मुंगी मातीच्या हातांनीच धावली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"पुतळ्यावरची फडकी ओली ठेवशील? माती वाळली तर तडे जातील. बाकी हात लावू नकोस हं."

"तू काकांकडे बघ. इथलं माझ्यावर सोड."

पाणक्या मनापासून कामाला लागला. शंका आली की आणखी पाणी, हा त्याचा जन्माचा शिरस्ता. फडकी त्यानं पिळलीच नाहीत, शिवाय येता-जाता फवारा मारत राहिला. बाबांची तब्येत ढासळल्याचं कळलं त्या दिवशी तर जास्तच मारला, जणू त्यानं कुणाला बरं वाटणार होतं.

बाबा गेले. त्यांना शेवटचा निरोप देऊन पाणक्या गोदामात परतला, फडकी काढली, तर डावा कान गळून खांद्यावर आलेला. आता बाबा काही पुन्हा स्टुलावर येऊन बसणार नव्हते. त्यांचं जे उरलं होतं ते या मातीत होतं, आणि तेही त्याच्या हातून बिघडलं होतं.

मुंगीला कळवायचा त्याला धीर होईना. शेवटी नियम धाब्यावर बसवून त्यानं ब्रशच्या दांड्यानं कान पुन्हा घडवला. डावी बाजू खिडकीकडची, म्हणजे त्याच्या रोजच्या नजरेतली. कान कानासारखा झाला, एवढंच.

मुंगी आली. फडकी काढून तिनं पुतळ्यावरून हात फिरवला. अंगठा कानावर अडला.

"हा कुणी केला?"

"मी. पाणी जास्त झालं. पडला होता."

आता ती आपल्याला फाडून खाणार, असं धरूनच तो उभा राहिला. ती खाली बसली.

"राग यायला हवा मला," ती म्हणाली. "येत नाहीये. मला त्यांचा चेहराच आठवत नाही रे. डोळे मिटले की दवाखान्यातला दिसतो, नळ्या लावलेला. हे पुरं कसं करू? मोडूनच टाकते."

तिनं माती कापायची तार उचलली.

"हनुवटी चुकलीय," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

"काय?"

"तू बघत असायचीस तेव्हा काका ताठ बसायचे, फोटोला बसल्यासारखे. तू माती घ्यायला वाकलीस की त्यांची हनुवटी खाली यायची, मान जरा कलायची, आणि ते तुझ्याकडे बघत राहायचे. तू वर पाहिलंस की पुन्हा ताठ. तुला ते कधी दिसलंच नाही. मी रोज बघत होतो."

मुंगी रडली, अगदी मोकळेपणानं. पाणक्यानं तिला रडू दिलं. मग मनगटानं नाक पुसत तिनं तार बाजूला ठेवली.

"किती कलायची?"

तो जाऊन बाबांच्या स्टुलावर बसला. "वाक," म्हणाला.

ती पोत्याशी वाकली, मातीत हात घातला आणि झटकन वर पाहिलं. पाणक्यानं कललेली मान सरळ केली नाही.