ही कुणावर गेली?

भिंगरीने खुर्ची उलटी केली, गुडघ्याने दाबून धरली आणि शेवटचा गंजका खिळा पकडीत धरून जोर लावला. तेवढ्यात दुकानाच्या दारातून कुणीतरी म्हणालं,

"अगं, तोंड बाजूला घे. पकड सटकली तर हनुवटी फुटेल."

भिंगरीने मान वर केली आणि ती तशीच राहिली. दारात साठीकडे झुकलेली एक बाई उभी होती. उंच, हाडकुळी, मान जराशी पुढे काढलेली. दोन्ही भुवया नाकाच्या वर एकमेकींना भेटलेल्या आणि हनुवटीच्या मधोमध ओल्या मातीत बोट टेकवावं तशी खळी. रोज सकाळी दात घासताना भिंगरी हाच ऐवज आरशात बघायची.

"मालक नाहीत का?" बाईंनी विचारलं.

"बाबा सोफा पोचवायला गेलेत. काय काम होतं?"

बाईंनी काम सांगितलंच नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"किती रोड आहेस गं. नीट जेवतेस ना?"

"जेवते की. अंगाला लागत नाही."

"माझंही तसंच आहे," बाई म्हणाल्या आणि पटकन हसल्या. मग आतल्या पडद्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "मी येऊन गेले एवढं त्यांना सांग. मोठ्या बाईंना नको सांगूस."

मोठ्या बाई म्हणजे आजी. पडद्यामागे तिच्या शिवणयंत्राचा खडखडाट चालायचा तो आत्ता बंद होता. बाई गेल्या तरी भिंगरी खुर्चीवर गुडघा ठेवून तशीच उभी होती. एका जागी न ठरणाऱ्या पोरीला घरच्यांनी हे नाव ठेवलं होतं, पण त्या दुपारी कुणी पाहिलं असतं तर नाव बदला म्हणालं असतं.

तसं पाहिलं तर घरात सगळी माणसं एका साच्यातली. आजी गोल, आई तिच्याहून गोल. बाबा रुंद खांद्यांचे. चेहऱ्यात जाड चष्मा, नाक आणि बाकी सगळी दाढी. त्या दाढीत एकदा दाभण हरवला होता आणि तो दोन खुर्च्या शिवून झाल्यावर सापडला, असं आई शपथेवर सांगायची. या गोतावळ्यात भिंगरी म्हणजे उशांच्या ढिगात ठेवलेली फूटपट्टी. "ही कुणावर गेली हो?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "माझ्या बसवर. लांबलचक, आणि स्टॉप आला तरी थांबत नाही." आई शहराची बस चालवायची. सगळे हसायचे, भिंगरीही हसायची. आज तिला त्या हसण्यातला एकेक जण आठवून बघावासा वाटला.

बाबा परतले आणि हातोडी घेऊन कामाला बसले तेव्हा ती म्हणाली,

"एक बाई येऊन गेल्या. आजीला सांगू नको म्हणाल्या."

हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली. बाबांनी अंगठा तोंडात घातला आणि तसंच विचारलं, "कशा होत्या?"

"माझ्यासारख्या."

"असेल कुणी गिऱ्हाईक," बाबा म्हणाले. गिऱ्हाईकाचं नाव, गाव, सोफा सगळं तोंडपाठ असणारे बाबा!

रात्री झोप लागली नाही. सकाळी आई गणवेशाची बटणं लावत होती तेव्हा भिंगरी दाराला टेकून उभी राहिली.

"आई, मी जन्मले तेव्हा कशी दिसत होते?"

"लाल. आणि आवाज असा की शेजारच्या वॉर्डातली बाळं गप्प बसली."

"आणि कुणासारखी?"

आईचा हात बटणावर थांबला. "ते तुझ्या बाबांना विचार. मला उशीर होतोय." आणि ती गेली. डबा ओट्यावरच राहिला. आई बसची किल्ली विसरेल, पण डबा विसरणारी नव्हती.

रविवारी दुपारी बाबांनी दाढी विंचरली. एरवी ती आई ओरडल्याशिवाय विंचरली जात नसे. "जरा एक माप घेऊन येतो," म्हणत त्यांनी टेम्पो काढला. मापाची टेप खुंटीवर लटकत होती. भिंगरीने सायकल काढली.

टेम्पो बाजार ओलांडून तळ्याकाठच्या बागेपाशी थांबला. भिंगरी कुंपणाच्या मेंदीआड दडली. बाकावर त्याच बाई बसल्या होत्या. बाबा शेजारी जाऊन बसले, काहीतरी बोलले, आणि दोघं एकदमच हसायला लागले. बाबा असे हसताना तिने पाहिले नव्हते. मान मागे टाकून, मांडीवर थापा मारत, शाळा सुटलेल्या पोरासारखे. त्यांचा आनंद बघून तिला रडू आलं. मला सोडून गेलेल्या बाईशी ह्यांना एवढं काय हसायचंय? आणि मला परत देऊन टाकायचं ठरतंय की काय?

ती आणखी पुढे सरकली, आणि तेवढ्यात माळ्याने हिरवळीवरचा फवारा सुरू केला. पाणी आधी मेंदीवर आणि मग तिच्यावर आलं. लपण्यात काही अर्थ उरला नव्हता. केसांतून पाणी निथळत ती बाकासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा. ह्या माझ्या खऱ्या आई आहेत ना?"

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि त्यांना हसण्याची अशी उबळ आली की त्यांनी बाकाची कड धरली.

"अगं, साठीला आले मी! जरा गणित तरी करायचंस!" डोळे पुसत त्यांनी स्वतःचा रुमाल तिच्या डोक्यावर ठेवला. "मी आत्या आहे तुझी."

"बाबांना बहीणच नाही."

"मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं," बाबा म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला आणि तिचं बोट स्वतःच्या दाढीत घुसवलं. "इथे. अजून खाली. लागलं?"

लागलं. केसांच्या त्या रानात, हाडाच्या मधोमध, तिची खळी होती. भिंगरीने बोट काढलं, पुन्हा घातलं. मग तिने एका हाताने आपली हनुवटी चाचपली आणि दुसऱ्या हाताने बाबांची. आत्या पुन्हा हसू लागली.

मग तिला सगळं कळलं. बाबा तान्हे असताना त्यांची आई गेली, वडील त्याआधीच गेले होते. आत्या तेव्हा आठ वर्षांची. एका पोरीला सांभाळायला दूरचे मामा तयार झाले, तान्ह्याला कुणी होईना. म्हणून गल्लीतल्या सोफेवाल्या जोडप्याने, म्हणजे आजी-आजोबांनी, बाळ घेतलं. आत्या मामांच्या गावी गेली आणि तिथलीच झाली. नोकरी संपल्यावर ती या शहरात आली, तर गल्लीही तीच आणि दुकानही तेच. पाटीवरच्या नंबरावर तिने बाबांना फोन लावला.

"मला तुझ्या आजोबांनी मरताना सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "पण वचन घेतलं, आईला कळू द्यायचं नाही की तुला कळलंय. तिचं काळीज फुटेल म्हणाले. म्हणून ताईला दुकानात येऊ नको म्हटलं होतं."

"मला राहवलं नाही रे," आत्या म्हणाली. "म्हटलं, पोरीला एकदा बघून येते."

भिंगरीच्या जिवावरचा धोंडा उतरला होता. ती आईची होती, बाबांची होती, वर एक आत्या नफ्यात. मग एकदम तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे आजी आपली कुणीच नाही?"

बाबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. जिने दाभण धरायला शिकवलं, जिच्या कुशीत झोपल्याशिवाय लहानपणी ताप उतरत नसे, ती कुणीच नाही? भिंगरीने रुमाल आत्याच्या हातात दिला आणि सायकलवर टांग मारली.

"कुठे निघालीस? आजीला काही बोलू नकोस हं!" बाबा मागून ओरडले.

आजी जमिनीवर बसून सोफ्याच्या एका लांब गोल उशीत कापूस भरत होती. भिंगरी समोर येऊन बसली आणि मूठमूठ कापूस देऊ लागली. बोलायचं नाही असं ठरवून ती आली होती.

"भिजलीस कशाने?" आजीने विचारलं.

"फवाऱ्याने."

"बागेत गेली होतीस तर." आजीने कापूस आत दाबला. "तुझा बाप तिला बाकावरच बसवतोय का अजून?"

भिंगरीच्या हातातला कापूस खाली पडला.

"त्या दिवशी पडद्याआडून पाहिलं मी, बागेतलं गल्लीने सांगितलं," आजी म्हणाली. "ओळखायला काय लागतंय? तू आठ वर्षांची झालीस ना, तेव्हा दुकानाच्या दारात उभी राहिलीस की मी दचकायचे. वाटायचं, तीच आली परत, भाऊ मागायला. तुझे इतके लाड का केले असतील मी?"

"आजी, बाबांना सगळं माहितीये. आजोबांनी सांगितलं त्यांना. पण तुला कळू द्यायचं नाही म्हणून वचन घेतलं."

आजीचं सगळं अंग हलायला लागलं. भिंगरी घाबरली, पण ते हसणं होतं.

"आणि माझ्याकडून घेतलं पोराला सांगायचं नाही म्हणून! दोघांची तोंडं बांधून म्हातारा मोकळा झाला! भेटू दे वर, बघतेच त्याला." तिने डोळ्यांना हाताची पाठ लावली. "बसलीस काय? सायकल काढ. तिला घेऊन ये. आणि बापाला सांग, पाहुण्याला बागेत बसवायची पद्धत आपल्या घरात नाही."

भिंगरीची सायकल त्या दिवशी जमिनीला टेकली असेल तर शपथ. परतताना टेम्पोत पुढे बाबा आणि आत्या, मागे सायकल आणि सायकलीला धरून ती. वाटेत एका चौकात आईची बस आडवी आली. आईने काचेतून टेम्पोतली तीन माणसं पाहिली आणि गाडी वळवता वळवता लांबच लांब हॉर्न दिला. सगळ्या चौकाने मागे वळून पाहिलं.

दुकानाच्या उंबऱ्याशी आत्याचे पाय अडखळले. "मी त्याला न्यायला नाही हो आले," ती एवढंच म्हणाली.

"ने की," आजी म्हणाली. "फक्त शनिवारनंतर ने. एक सोफा द्यायचा राहिलाय." आणि तिने हात धरून तिला शेजारी ओढून बसवलं. बराच वेळ दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही.

"तुला आठवतं का गं?" आजी म्हणाली. "मला पोर धरताच येत नव्हतं. कधी धरलंच नव्हतं. तू माझ्या अंगावर ओरडली होतीस, मानेखाली हात घाला म्हणून."

"तुम्ही त्याला सोफ्याच्या गादीसारखं धरलं होतंत!"

"मग दुसरं काय धरलं होतं मी जन्मात?"

"असं धरायचं." आत्याने ती लांब गोल उशी उचलून मांडीवर घेतली. "डोकं कोपराच्या वाकणात. आणि हा हात इथे."

"असंच तर धरलं होतं."

"छे! द्या बघू. नाही, नाही, मान लोंबकळतेय!"

आजीने उशी पुन्हा नीट घेतली. भिंगरीने गुडघ्यावर बसून उशीच्या टोकाखाली हात घातला, आत्याने तो हात थोडा वर सरकवून दिला. दारात बाबा उभे होते. पन्नाशीचे, दाढीवाले, हातात टेम्पोची किल्ली. आत यावं की बाहेर थांबावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"आई," ते कसेबसे म्हणाले.

आजीने मान वर केली नाही. उशीला हलकेच थोपटत ती म्हणाली,

"हळू बोल रे. बाळ आत्ता कुठे झोपलंय."