पाऊण इंच

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाईंनी सुतारकाम शिकायचं मनावर घेतलं. नवरा म्हणाला, जन्मभर लोकांची जोडणी केलीस, आता फळ्यांची कर.

त्यांना एक पेटी करायची होती. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा कोपऱ्यांची. दुकानदाराने यंत्राचा आग्रह धरला, पण त्याच्या आवाजानेच बाईंच्या छातीत धडधडलं. मग गल्लीच्या टोकाच्या मेस्त्रींची आठवण झाली. ते वारून वर्ष होत आलं होतं आणि त्यांची बायको, गल्लीच्या वहिनी, त्यांची हत्यारं विकत होत्या.

वहिनींनी सगळी हत्यारं चादरीवर मांडली. नवख्या माणसाने फार पसारा करू नये, असं मेस्त्री म्हणायचे म्हणे. बारीक दातांची करवत, कोपऱ्याचं बोट जेवढं रुंद हवं तेवढीच रुंद, लाकूड कोरायची पटाशी आणि आखणीचं माप, एवढं बास. माप म्हणजे लाकडी दांडी, तिच्या टोकाला रेघ ओढायचा टोचा आणि तिच्यावर सरकणारा, स्क्रूने घट्ट होणारा ठोकळा. तो पाऊण इंचावर होता. देताना वहिनींनी उगाच दोनदा त्याच्यावरून पदर फिरवला.

बाईंची फळी अर्ध्या इंचाची. बोटांची खोली ती ज्या फळीत बसायची तिच्या जाडीएवढी हवी, आणि त्यांच्या सगळ्या फळ्या सारख्याच, म्हणून त्यांनी ठोकळा अर्ध्या इंचावर आणून स्क्रू आवळला. जेवून येतात तो ठोकळा पुन्हा पाऊण इंचावर. स्क्रू सैल असेल, असं म्हणून पकडीने आवळला. बाजारातून परत आल्या, तर तीच गत. नवऱ्याला विचारलं, तर त्याने त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. "तुझं न ऐकणारा घरात मी एकटाच नाही तर," एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बाईंनी ठोकळा अर्ध्या इंचावर आणून दांडीवर तिथे पेन्सिलीची खूण केली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून दाराबाहेर बसून राहिल्या. भर दुपार होती. आतून लाकडावर लाकूड घासल्याचा बारीक आवाज आला. दार उघडलं, तेव्हा ठोकळा खुणेपासून पाव इंच पुढे होता.

बाई उंबरठ्यावरूनच मागे फिरणार होत्या. पण त्या हट्टी होत्या. बरं, तुझंच खरं, असं म्हणून त्यांनी पाऊण इंचावरच रेघ ओढली. फळीच्या दोन्ही टोकांना बोटं कापली. हात इतका सरळ चालला की त्यांनाच तो परका वाटला.

संध्याकाळी फळी घेऊन त्या वहिनींकडे गेल्या. हकीकत ऐकताना वहिनी फळीवरून नजर हलवत नव्हत्या. मग उठल्या आणि आतून तीन बाजूंची अर्धवट पेटी घेऊन आल्या. मेस्त्रींचं शेवटचं काम. बाजूच्या फळ्या पाऊण इंच जाड, आणि पुढची, पातळ फळी राहूनच गेलेली.

वहिनींनी बाईंची फळी तिथे टेकवली. हातोडी लागलीच नाही. श्वास सोडावा तशी ती आत गेली आणि उरलेले दोन्ही कोपरे मिटले.

वहिनी रडल्या नाहीत. पेटीवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "आणखी काही सांगितलं का हो त्यांनी?"

"नाही वहिनी."

"सांगतील," वहिनी म्हणाल्या. "अजून तळ बसायचाय."

त्यानंतर माप बाईंच्या मनासारखं वागू लागलं. अर्ध्या इंचावर ठेवलं की अर्ध्या इंचावरच राहायचं. त्यांची स्वतःची पहिली पेटी झाली ती वाकडीतिकडी, प्रत्येक कोपऱ्यात फट. नवरा पोट धरून हसला. बाईंना मात्र त्या फटी बघून हायसं वाटलं. त्या नक्की त्यांच्याच हातच्या होत्या.

फक्त एक सवय लागली ती लागलीच. घराबाहेर पडताना त्या ते माप पिशवीत घालून सोबत नेतात. त्याला घरात एकटं ठेवत नाहीत.