लेबलवर ताईचं नाव

बारक्या आता कुठल्याच अंगानं बारका राहिलेला नव्हता, पण ताईच्या दारात आला की आपोआप लहान व्हायचा. आज तर बेल दाबायलाही हात उचलत नव्हता. सकाळीच ताईचा फोन आला होता, "अरे, सरकारी खात्यातून एक मॅडम येणारेत दुपारी. बॅटरीचा उत्पादक कोण म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, मीच."

ताई पडदे शिवायची. उत्पादक म्हणजे काय ते तिला बारक्यानंच सांगितलं होतं, तेही हसत हसत. विजेवरच्या सायकलींना लागणाऱ्या बॅटऱ्या तो परदेशातून मागवायचा. "बनवतो तिकडचा कारखाना, पण कायद्याच्या लेखी इथं जो पहिल्यांदा आणून विकतो तोच उत्पादक. पोर दुसऱ्याचं, शाळेत बाप म्हणून सही आपली!" त्याचा आधीचा धंदा पार बुडालेला, बँक दारातही उभं करत नव्हती. म्हणून कंपनी ताईच्या नावावर. तिला नवं शिलाई मशीन आणून दिलं आणि त्याच दिवशी सह्या घेतल्या. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

शेवटी बेल वाजली तशी ताईनं दार उघडलं आणि त्याला थेट गॅलरीत नेलं. कपडे वाळत घालायचा स्टँड बाजूला सरकवला. मागे भिंतीला लागून बॅटऱ्याच बॅटऱ्या. नीट रचलेल्या.

"हे काय?"

"तुझंच देणं. लोक आणून देतात."

"लोक? इथं?"

"मग कुठं जातील? पत्ता इथला छापलायस की. 'वापर संपल्यावर टोकांना टेप लावून आमच्याकडे आणा, विनामूल्य परत घेऊ.' काहीजण टेप लावतच नाहीत, त्यांना मी लावते."

 तो मजकूर बारक्यानं दुसऱ्या कुणाच्यातरी खोक्यावरून उचलला होता. न वाचता. लेबल असल्याशिवाय कस्टममधून माल सुटत नव्हता, म्हणून छापलं. मेलेली बॅटरी घेऊन कोण कशाला येतंय, असंच तो धरून चालला होता. परत घ्यायच्या, जुन्या बॅटऱ्या रीतसर मोडणाऱ्या कारखान्याकडे पाठवायच्या, हे सगळं त्याला माहीत होतं. पण मोडणाऱ्याशी बोलणीच केली नव्हती. आणि खात्याला कळवून टाकलेलं, परत आलेल्या बॅटऱ्या शून्य. खाली सही ताईची.

"मला फोन नाही का करायचा?"

"केला की. तू म्हणालास, गडबडीत आहे, नंतर बघतो. म्हटलं नवा धंदा आहे, कशाला पोराच्या डोक्याला ताप. तुझे भावोजी तेवढे कुरकुरतात, गॅलरीत चहा पिता येत नाही म्हणून. मी म्हटलं, आत प्या, कप तोच आहे."

बारक्याला हसू आलं नाही. एका टोकाची बॅटरी उशीसारखी फुगली होती. हात लावून पाहिला तर कोमट. तिच्यापासून हातभर अंतरावर पडद्याच्या कापडाचे तागे उभे होते. त्यानं घाईघाईनं तागे आत ओढले. पेटलं असतं तर? पुढचा विचार त्यानं केलाच नाही.

"ताई, ऐक. त्या आल्या की सांगायचं, एकही परत आली नाही. मी नेतो सगळ्या."

"कुठं?"

"नेतो गं कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कचऱ्यात."

"आपण शून्य लिहून दिलंय! आता खरं बोललीस तर दंड तुला होईल. नाव तुझं आहे."

हे तो तिच्यासाठीच सांगतोय, असं त्यानं स्वतःलाही पटवून दिलं.

मॅडम यायच्या आत त्यानं स्टँड पुन्हा बॅटऱ्यांपुढे ओढला. मॅडम आल्या, पाणी प्यायल्या. "एकही नाही आली परत?"

"नाही," ताई म्हणाली. तिची मान कानापर्यंत लाल झाली. 'याचा रंग जाईल हो, दुसरं घ्या' असं गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारी बाई ती.

बारक्या फरशीकडे बघत होता.

"सगळीकडे हेच ऐकायला मिळतं," म्हणत मॅडम उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

ताई मशीनवर जाऊन बसली. सुई खालीवर होत होती, खाली कापडच नव्हतं.

"झालं गं. सुटलो."

"तू सुटलास." तिनं मशीन थांबवलं. "दंड भरला असता रे मी. हे कसं भरू?"

बारक्या धावतच खाली गेला. मॅडम हेल्मेट घालत होत्या.

"मॅडम, वर चला. गॅलरी बघायची राहिली. खोटं बोलायला मी लावलं. धंदा माझा, काय असेल ते माझ्यावर घाला."

"तुमचं नाव कशावर आहे?"

कशावरच नव्हतं.

"मग कारवाई त्यांच्यावरच होणार. विचार करून बोलताय ना?"

गप्प राहिला तर ताई खोटीच राहत होती, बोलला तर दंड तिलाच. ही कोंडी त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली, आणि आत उभी केलेली ताई. त्यानं वर पाहिलं. ताई गॅलरीच्या कठड्याला टेकून सगळं ऐकत होती.  ती वळली आणि स्टँड बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"चला, मॅडम," बारक्या म्हणाला.

मॅडमनी गॅलरी पाहिली. पहिलं बोट फुगलेल्या बॅटरीकडे. "ही आधी खाली मोकळ्या जागेत न्या. आत्ताच. वाळूच्या बादलीत."

खाली बांधकामाची वाळू पडलेली होती. ताईची रिकामी बादली घेऊन तो तिथं गेला, ती भरून वर आणली, बॅटरी वाळूत ठेवली आणि पुन्हा जिना उतरू लागला. जपून, एकेक पायरी. मागून मॅडमचा आवाज आला, "पूर्ण नाव सांगा."

ताईनं सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. बारक्या बादली धरून पुढची पायरी उतरला; ती खाली ठेवायलाही वाटेत जागा नव्हती.